ट्रूथ टेबल आणि आतड्याचा कॅन्सर

‘बायोमार्कर’ हा शब्द वाचूनच बरेच जण पान उलटतील. जरा थांबा. या लेखात मेडिकल थोडं आणि आपल्याच सिलॅबसमधलं लॉजिक जास्त आहे.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर भिंतीच्या स्नायूपलीकडे गेला, पण जवळच्या लिम्फ नोड्समध्ये पोचला नाही, तर ती दुसरी स्टेज. नोड्समध्ये पोचला की तिसरी. तिसरीत ऑपरेशननंतर केमो देतात, त्यात फारसा वाद नाही. घोळ आहे तो दुसरीचा. यातले बहुतेक पेशंट नुसत्या ऑपरेशनने बरे होतात, काहींचा आजार मात्र उलटतो. सगळ्यांना केमो द्यावी तर कित्येकांना विनाकारण जुलाब, तोंड येणं, हातापायांना मुंग्या. कुणालाच न द्यावी तर ज्यांना गरज होती ते हुकले.

माझ्या मामाच्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगून निर्णय घरच्यांवर सोडला. “आम्हाला यातलं काय कळतंय?” मामी म्हणाली. तेव्हापासून मी हा विषय वाचतोय.

काढलेल्या गाठीचा तुकडा पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. सेकंड ओपिनियनसाठी नातेवाईक पिशवीत घेऊन फिरतात तो ‘ब्लॉक’ हाच. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून त्यावर ठराविक प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. पण प्रोटीन्स हजारो. बघायचं कुठलं?

इथे आपल्या जातीचा माणूस येतो. देबाशिष साहू, खरगपूर आयआयटीचा कॉम्प्युटरवाला, पुढे स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकलमध्ये पीएच.डी. त्याची पद्धत अगदी साधी आहे. एका जीनची हजारो सॅम्पल्समधली रीडिंग्ज चढत्या क्रमाने लावायची, त्यात स्टेप फंक्शन बसवायचं. पायरीच्या वर १, खाली ०. मग दोन जीन्सचा आलेख काढायचा आणि चारपैकी कुठला खण रिकामा आहे ते बघायचं.

हे कोरिलेशन नव्हे हं! मेसला फीस्ट असेल तर रांग असतेच, पण रांग आहे म्हणून फीस्ट असेलच असं नाही. ‘फीस्ट आहे, रांग नाही’ एवढा एकच खण रिकामा. हे ‘जर-तर’ एकाच दिशेने चालतं, आणि नेमकं तेच साध्या कोरिलेशनच्या आकड्यात हरवून जातं.

पिएरो दालेर्बा, साहू आणि सहकाऱ्यांनी हेच कोलन कॅन्सरच्या जुन्या डेटावर चालवलं. ‘एएलकॅम’ हे अपरिपक्व पेशींवर जास्त दिसणारं प्रोटीन. त्यांनी शोधलं, की कुठला जीन ० असेल तर एएलकॅम नेहमी १ असतो? सोळा जीन्स सापडले. त्यातल्या एकाचीच टेस्ट लॅबमध्ये वापरण्याजोगी तयार होती: सीडीएक्स२, म्हणजे आतड्याच्या पेशीला ‘मोठी हो’ सांगणारं प्रोटीन. २११५ सॅम्पल्सपैकी ८७ मध्ये ते नव्हतं.

२०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आले. स्लाइडवर तपासलेल्या ३१४ पेशंटांपैकी ३८ जणांत सीडीएक्स२ नव्हतं. पाच वर्षं आजार न उलटता राहिलेले त्यांच्यात ४८ टक्के, बाकीच्यांत ७१. दुसऱ्या स्टेजच्या सीडीएक्स२ नसलेल्यांमध्ये केमो घेतलेले ९१ टक्के आजारमुक्त, न घेतलेले ५६.

आकडे बघून मी उडालोच. मग खालची संख्या वाचली: केमो घेतलेले २३, न घेतलेले २५. शिवाय जुन्या नोंदी. केमो कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, कदाचित धडधाकट माणसांनाच दिली गेली असेल. ‘आजार उलटेल का’ हे सांगणारा मार्कर आणि ‘औषध लागू पडेल का’ हे सांगणारा मार्कर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केआरएएस जीन दुसऱ्या प्रकारातला. त्यात म्युटेशन असेल तर सेटुक्सिमॅब हे महागडं औषध उपयोगी पडत नाही, हे २००८ मध्ये दिसलं. पसरलेल्या आजारात ते देण्याआधी आता ही तपासणी करतातच.

मामाच्या स्लाइडवर सीडीएक्स२ भरपूर तपकिरी होतं. पण डॉक्टरांनी त्यापेक्षा जास्त वजन दिलं ते किती नोड्स तपासले आणि डीएनए दुरुस्तीची चार प्रोटीन्स शाबूत आहेत का, याला. दुसऱ्या स्टेजमध्ये ती नसतील तर उलट आजार परतण्याची शक्यता कमी असते आणि नुसत्या फाइव्ह-एफयूचा फायदा दिसत नाही. आनुवंशिक दोषाची शंका आली तर घरच्यांचीही तपासणी सुचवतात.

सीडीएक्स२ चा वाद मिटवायचा तर चिठ्ठ्या टाकून मोठी चाचणी हवी. जरा गणित करा. शंभरात बारा जणांत ते नसतं असं धरलं, तरी २०० पेशंट जमवायला सुमारे १७०० ब्लॉक तपासावे लागतील. शंभरात चार धरले तर ५०००.