स्वमग्न मुलांसाठी गावनिधी

स्वमग्नतेवर एका खेपेत संपणारे औषध नाही. वाचोपचार, व्यवसायोपचार वर्षानुवर्षे चालवावे लागतात, शुल्काइतकेच एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरीही पालकांना जाचते. म्हणून एकदाच मोठी वर्गणी जमविण्यापेक्षा सुगीत घरटी पायलीभर धान्य घ्यावे व त्याच्या विक्रीतून दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. हिशेब ग्रामसभेत वाचावा. मुलास मात्र व्यासपीठावर मुळीच उभे करू नये.

तत्पूर्वी शिक्षकांनी ‘निरामय’ विम्याचा अर्ज भरून द्यावा. १९९९ च्या कायद्याने स्थापिलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून नियमित उपचारांचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. त्यास अपंगत्वाचा दाखला लागतो. पहिल्या खेपेस तरी पालकांसमवेत शिक्षकाने स्वतः रुग्णालयात जावे.