बाळंतपणांतील अंतर व स्त्रीची मिळकत

शहाद्यालगतच्या लोणखेड्यासारख्या गांवांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने शेतांत राबतात; परंतु त्यांची मजुरी कोणाच्या हाती राहते? या प्रश्नाचा बाळंतपणाशी निकट संबंध आहे.

१. अंतर किती असावे? मूल जन्मल्यावर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान २४ महिने जाऊ द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अंतर अल्प असल्यास माता अशक्त राहते आणि मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचे भय वाढते.

२. साधने कोणती? र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढिले. त्या कार्यापायी मिशनच्या विल्सन कॉलेजातील त्यांची प्राध्यापकी गेली. आज तांबी, गोळ्या व दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते.

३. मग अडते कोठे? गाडीभाड्यासाठीदेखील जिला हात पसरावा लागतो, तिला साधन फुकट असूनही दूरच. म्हणून तिची मजुरी तिच्याच खात्यांत जमा व्हावी. बचत गटांत तिचे नांव असावे. पतीने हिशेब मागण्याऐवजी सोबतीने दवाखान्यास जावे.

प्रश्न : तुमच्या घरी स्त्रीच्या श्रमाचा पैसा कोण खर्चितो? पुढील मूल केव्हा व्हावे, हे तिला कोणी विचारिले काय?