डिलीटचं बटण कोणाच्या हाती?

अ‍ॅडमिनपद म्हणजे सत्काराचा नारळ नव्हे. ग्रुपसाठी जो राबला त्याच्या हातात ते ठेवून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत. त्यातून काय होतं ते मी आमच्याच ग्रुपवर पाहिलं आहे.

आमचा ग्रुप साप ओळखण्याचा, टेलिग्रामवरचा. कोणाच्या न्हाणीघरात, कोणाच्या गोठ्यात साप निघतो, फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो : विषारी का? पावसाळ्यात मध्यरात्रीही उसंत नसते. ग्रुप ज्यांनी सुरू केला त्या दादांनी भराभर उत्तरं देणाऱ्या सगळ्या सर्पमित्रांना अ‍ॅडमिन करून टाकलं होतं. टेलिग्राम अ‍ॅडमिन नेमताना अधिकारांची यादी दाखवतं. मेसेज काढणं, सदस्याला बाहेर करणं, पिन करणं, नवे अ‍ॅडमिन नेमणं, प्रत्येकाचं बटण वेगळं. दादांनी सगळी चालू ठेवली. मी कारभारात आले तोवर अ‍ॅडमिनांनी आपापले दोस्तही अ‍ॅडमिन केले होते.

एका रात्री एक धूसर फोटो आला. काळसर अंग, पांढरे पट्टे. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी सर्पमित्रानं लिहिलं, ‘कवड्या, बिनविषारी.’ कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं खाली लिहिलं, ‘पट्टे शेपटीकडे जास्त ठळक दिसताहेत, जोडीनं आहेत. मण्यार वाटतो.’ ज्यांनी हे दोन साप जवळून पाहिलेत त्यांना तिचा मुद्दा लगेच कळेल. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचं बरोबर उलटं. आणि मण्यार म्हणजे नाग, घोणस, फुरसं यांच्या पंक्तीतला. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो, दुखतही नाही फारसं, खूण धड दिसत नाही. तिचा मेसेज मिनिटभरात गायब झाला आणि ती म्यूट झाली. ग्रुपचा नियमच होता : एका फोटोला एकच उत्तर, खाली वाद नको. त्या सर्पमित्रानं नियम पाळला होता, दुसरं काही नाही.

मुलगी हुशार. तिनं फोटो टाकणाऱ्यांना खासगीत लिहिलं, त्यांनी खोली बंद केली, गावातला सर्पमित्र आला. मण्यारच निघाला. ग्रुपवर मात्र ‘कवड्या’ तसाच राहिला. तिनं काही लिहिलं होतं हे कुणालाच कळलं नाही. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी ‘अलीकडच्या कृती’ची नोंद उघडली म्हणून. टेलिग्राम ती नोंद ४८ तासच ठेवतं. आणखी दोन दिवस गेले असते तर तिच्या तक्रारीला पुरावाच उरला नसता.

यावर बरेच जण म्हणाले, त्या माणसाला काढा. मी नाही म्हटलं. धूसर फोटोवरून चूक कोणाकडूनही होते, साप त्यालाच सगळ्यांपेक्षा जास्त कळतात. घोटाळा असा की जो उत्तर देत होता, त्याच्याच हातात उत्तराला दिलेला छेद पुसायचं बटण होतं. ‘माणूस चांगला आहे का’ एवढंच विचारून अधिकार देऊ नका. तो चुकला तर ती चूक दुसऱ्या कुणाला दिसेल का आणि मागे घेता येईल का, हे आधी विचारा. पिन काढता येतो, तासाभराचं म्यूट आपोआप उतरतं. असले अधिकार सढळ हातानं द्या. पुसलेला मेसेज परत येत नाही आणि हाकललेला माणूस बहुधा पुन्हा फिरकत नाही. ती कामं दोघा-तिघांकडेच असू द्या, आणि रोजच्या उत्तरांच्या धबडग्यात नसलेल्यांकडे.

आता आम्ही ओळख सांगणारा कोणताही मेसेज काढत नाही, चुकीचाही नाही. हे पहिल्यांदा लोकांना पटत नाही. पण ज्याच्या घरात साप आहे त्यानं चुकीचं उत्तर एकदा वाचलं की तो ते घेऊन गेला. तुम्ही मागून पुसलंत तर त्याला पत्ताही लागत नाही. त्याच मेसेजला जोडून दुरुस्ती लिहिली आणि त्याचं नाव टॅग केलं, तरच ती त्याच्यापर्यंत पोहोचते. तत्काळ काढायच्या गोष्टी मोजक्याच : कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर, चावल्या जागी चिरा देऊन रक्त चोखायचे आणि मंत्र-जडीबुटीचे सल्ले, नाग हातात धरून केलेले रील. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, तरी ती रील येतच असतात.

दुसरा नियम मी स्लॅशडॉट या संकेतस्थळाकडून उचलला. १९९९च्या सुमारास तिथं प्रतिक्रिया वर-खाली करायला साध्या वाचकांनाच आळीपाळीनं पाच-पाच गुण मिळायचे, तीन दिवसांत वापरा नाहीतर गेले. आणि ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात तिथं तुम्हाला निवाडा करता यायचा नाही. आमच्याकडेही ज्यानं त्या फोटोवर उत्तर दिलंय तो त्या धाग्यात कुणाला म्यूट करत नाही, दुसऱ्याला बोलावतो. रात्री दोन वाजता दुसरा जागा नसतो, ही अडचण खरी आहे. मग भांडण सकाळपर्यंत तसंच राहतं. राहू द्यावं.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाची गुणांची शिडी मला तितकी पटलेली नाही. तिथं २००० गुणांवर दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं, ३००० वर प्रश्न बंद करायला मत देता येतं. पायरीपायरीनं अधिकार देणं चांगलंच, पण गुण साठतात ते उत्तरांचे. माणूस विरोध ऐकून घेतो का, हे त्यातून कळत नाही. अगदीच मोजक्यांच्या हाती सगळं गेलं की काय होतं ते क्रोएशियन विकिपीडियात दिसलं. मूठभर प्रचालकांनी तिथं कित्येक वर्षं इतिहासाचे लेख आपल्या कलानं फिरवले, विरोध करणाऱ्यांना बाहेर काढलं, आणि विकिमीडिया फाउंडेशनचा त्यावरचा अहवाल आला २०२१ मध्ये.

अ‍ॅडमिन लोक उठसूट मेसेज का काढतात याचं एक कारण भीतीही आहे. ‘ग्रुपवर काही आलं तर पोलीस अ‍ॅडमिनला उचलतात’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरून आलेलं असतं. गोंदियातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू किंवा आधीचं संगनमत दाखवल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. नव्या अ‍ॅडमिनला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. हात जरा हलका होतो.

अधिकार काढून घेणं हे देण्यापेक्षा फार अवघड. माणूस दुखावतो, सोबत चार जण घेऊन जातो, समांतर ग्रुप काढतो. आम्ही मुदत घातली : जून ते ऑक्टोबर. दिवाळीच्या आसपास सगळेच साधे सदस्य होतात, पुढच्या पावसाळ्याआधी नव्यानं नेमणूक. कुणाला ‘काढलं’ असं होत नाही. तो अनुभवी सर्पमित्रही दर वर्षी असतो, त्याच्याकडे पिन आणि म्यूट एवढंच काम आहे. पहिल्या वर्षी त्यानं थोडा अबोला धरला होता.

नवे अ‍ॅडमिन नेमायचं बटण आता फक्त दादांकडे आहे. टेलिग्रामवर अ‍ॅडमिनला आपण नेमलेल्यांनाच उतरवता येतं, मालकाला कुणालाही. तेव्हा शेवटची किल्ली मालकाच्या खात्याची, आणि तिचं काय, हा आमच्याकडे उरलेला प्रश्न आहे. मालकी दुसऱ्याला देता येते, पण त्यासाठी टू-स्टेप पासवर्ड किमान आठवडाभर आधी लावलेला असावा लागतो. फोन हरवल्यावर, सिम बंद पडल्यावर या गोष्टी आठवून उपयोग नाही. दादांना मी दोनदा सांगितलं. ते म्हणतात, गणपती झाले की बघू.