हंड्यातील विष आणि वाटलेली भाकर

शास्त्रवाचन : २ राजे ४:३८-४४

इंदूरच्या राजवाड्याजवळ वाढणाऱ्या आपल्या मुलांना भाजी म्हणजे बाजारातून आणण्याची वस्तू वाटते. परंतु याच माळव्याने १८९९-१९०० साली ‘छप्पन्या’ दुष्काळ पाहिला. विक्रम संवत १९५६ वरून त्याला हे नाव पडले. लोकांनी झाडपाला व कंदमुळे खाऊन दिवस काढले. अनाथ झालेल्या अनेक मुलांना कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने आश्रय दिला. म्हणून गिलगालाचा हा हंडा आपणास परका नाही.

१. भूक ओळख विसरते : दुष्काळात एक जण रानात गेला आणि ओटीभर अनोळखी फळे आणून त्याने हंड्यात चिरली. तो दुष्ट नव्हता. सर्वांच्या पोटासाठीच त्याने ती वेचली होती. ती कडू इंद्रायणाची फळे असावीत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्याकडे लाखोळीच्या डाळीचे उदाहरण आहे. पाऊस कमी झाला तरी लाख पिकते. परंतु महिनोन्महिने तिच्यावरच गुजराण केली तर पाय कायमचे अधू होतात. मध्य भारतातील गरिबांनी हे भोगले आहे. सद्हेतूला ज्ञानाची जोड हवी.

२. हे ज्ञान कोणापाशी आहे? : भिल्ल माउली मोहाची फुले वेचून, वाळवून ठेवते. टाकळ्याचा पाला ती कोवळा असतानाच खुडते. रानातला कडू कंद चिरून, उकडून, पाण्यात धुऊन त्याचा कडूपणा घालवल्याशिवाय पोरांच्या ताटात वाढत नाही. आपण तिला अडाणी म्हणतो. या शाळेत शिक्षिका मात्र तीच आहे.

३. अलीशाने काय केले? : त्याने चुकलेल्यावर राग काढला नाही, की हंडाही ओतून दिला नाही. त्याने पीठ मागवले. पिठाने विष उतरत नसते. ती देवाची करणी होती. म्हणून शिक्षकांनी मुलांना स्पष्ट सांगावे : प्रार्थना करून अनोळखी फळ खाणे हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय (मत्तय ४:७).

४. पुढची तीन वचने गाळू नका : बआल-शालीशाहून एक मनुष्य नव्या पिकाच्या जवाच्या वीस भाकरी आणतो. नियमशास्त्राप्रमाणे प्रथमफळ याजकाचे (अनुवाद १८:४). परंतु अलीशा ते भुकेल्यांना वाढावयास सांगतो. शंभर जण जेवले, आणि उरलेही. रानपाल्याने दिवस निघतो, दुष्काळ निघत नाही. त्यासाठी ज्याच्या घरी धान्य आहे त्याने गोणी सोडावी लागते.

कापणीच्या सणाचे दान आपण पुष्कळदा मंदिराच्या डागडुजीस लावतो. ते गैर नाही. परंतु पाऊस चुकलेल्या वर्षी त्यातला पहिला वाटा कोणाचा, हे पंचांच्या सभेत आपण विचारले पाहिजे.

वर्गात चर्चेसाठी :
(१) आपल्या आजीला कोणत्या रानभाज्या ठाऊक होत्या? घरी विचारून या.
(२) आपल्या वीस भाकरी कोणत्या?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या भाकरीत भुकेल्या शेजाऱ्याचा वाटा आम्हांस दिसू दे. आमेन.