जकातदाराचा आकडा

चि. बाळ यास काकांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. दृढीकरणाचा वर्ग सुरू झाल्यापासून ‘आपण सारे पापी’ हे वाक्य नित्य कानी पडून मन कधी खिन्न होते, तर कधी सवयीने बधिर होते, असे तू लिहितोस. यांतील बधिरतेचेच मला अधिक भय वाटते, कारण जे पाप सर्वांचे म्हणून उच्चारले जाते, त्याचे ओझे कोणाच्याच खांद्यावर येत नाही.

मूळ पापाचा सिद्धांत ज्याच्या विवेचनाने पश्चिमेकडील ख्रिस्तमंडळीत दृढमूल झाला, तो चौथ्या शतकातील संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात काय सांगतो पाहा: सोळाव्या वर्षी रात्री सोबत्यांसह नासपती चोरल्या, भूक नव्हती, घरी याहून सरस फळे होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढा प्रकांड शास्त्री, पण स्वतःच्या पापाचा झाडासकट पत्ता देतो.

तरुणपणी एका कचेरीत कारकून असताना बारनिशीत एक लखोटा नोंदवावयाचे माझ्या हातून राहिले, आणि साहेबांनी विचारताच मी पट्टेवाल्याकडे बोट दाखविले. त्या गरिबास दोन रुपये दंड झाला. पुढे वर्षभर दर रविवारी मी मंडळीबरोबर पापांगीकार मोठ्याने म्हणत असे, परंतु त्या सामुदायिक स्वरात ते दोन रुपये मला एकदाही ऐकू आले नाहीत.

मग लूककृत शुभवर्तमानातील जक्कय पुन्हा वाचनात आला. यरीहोचा हा मुख्य जकातदार अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो, म्हणजे आकडाच सांगतो! पण क्रम विसरू नकोस: प्रभू त्याच्या घरी उतरावयास आधी निघाला, थैली नंतर सुटली. क्षमेच्या भरवशावरच मनुष्य आपली कीर्द उघडण्यास धजतो.

मी आठ रुपये घेऊन पट्टेवाल्याकडे गेलो. त्याने दोन ठेवले, सहा परत केले आणि म्हणाला, “दंड दोनच होता, भाऊसाहेब, पण त्या मेजापुढे मी खोटा ठरलो, त्याचे काय?” दुसऱ्या दिवशी त्याच मेजापुढे खरे सांगताना माझे पाय लटपटत होते.

म्हणून रात्री प्रार्थनेस बसशील तेव्हा त्या दिवसातील एक माणूस आणि त्यास बोललेला एक शब्द आठव. आणि सकाळी आधी त्याच्या दारी जा.

दादा-वहिनींस माझा सलाम सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका