कवेलू आधी, लाकूड मागाहून

अड्याळ, तालुका पवनी,
जिल्हा भंडारा

चिरंजीव बाळास,

तुझे पत्र आणि त्यासोबतचा नकाशा पोचला. जुन्या घराचे छप्पर उतरवून स्लॅब घालण्याचे ठरल्यापासून, अंगणात रचून ठेवलेल्या कवेलूंची काय व्यवस्था लावावी या विवंचनेत मी होतो; अशा वेळी, त्यांतले काही कवेलू व छपराचे सागवानी फाटे नाशिकला मागवून त्यांची वाइनच्या बाटल्यांसाठी मांडणी करण्याचा तुझा संकल्प वाचून मला मनापासून संतोष झाला. मी वाइन घेत नाही; परंतु ज्या वाइन उद्योगात तू उपजीविका करतोस, जो चौगुले यांनी 1982 साली नारायणगावी सुरू केला आणि 1999 नंतर सामंतांच्या सुला वाइनरीमुळे नाशिकच्या नावाशी कायमचा निगडित झाला, त्याच्या मुळाशी शेतकऱ्याचे द्राक्ष आहे, आणि त्या मालाचा नीट सांभाळ व्हावा ही तुझी इच्छा सर्वस्वी योग्य आहे.

नकाशाविषयी मात्र माझे मत स्पष्ट लिहितो. तू बाटल्यांसाठी बारा घरे आखली आहेस, ती सर्व एका मापाची. म्हणजे आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि मग त्यात कवेलू बसवायचे, असा तुझा क्रम दिसतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. आपले देशी कवेलू कारखान्यातल्या साच्यातून निघालेले नाहीत. कुंभाराने चाकावर एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती अशी मातीची नळी ओढायची, ती अर्धवट सुकली की उभी चिरायची आणि आव्यात भाजून तिचे दोन कवेलू करायचे, अशी ती कृती. त्यामुळे प्रत्येक कवेलूत त्या दिवशीची माती, त्या हाताचा दाब आणि भट्टीतली त्याची जागा उतरलेली असते, आणि ढिगातले कोणतेही दोन कवेलू मापाने तंतोतंत जुळत नाहीत. भाजलेली माती आता बदलणार नाही. लाकूड मात्र तासता येते, कोरता येते. जे बदलू शकते त्याने दुसऱ्याशी जुळवून घ्यावे, म्हणून सुताराने कवेलूचे माप घ्यायचे, कवेलूला सुताराच्या मापात कोंबायचे नाही.

निवड घाईने करू नये. कवेलू एका हाताच्या बोटांवर तोलून धरावा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारावी: निकोप कवेलू खणखणीत बोलतो, आतून तडकलेल्याचा आवाज बद्द येतो, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. शेवाळ काथ्याच्या कुंच्याने घासून काढावे, कवेलू धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावे. मग तुझ्याकडची सर्वांत जाड बाटली प्रत्येक कवेलूत आडवी ठेवून पाहावी. नेहमीच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असतो, पण फेसाळ वाइनची बाटली त्याहून स्थूल असते. शिवाय बाटलीचा खांदा जेथे येतो तेथे कवेलू निमुळता होत गेलेला असतो, तेव्हा केवळ रुंद तोंडाचे माप घेऊन भागणार नाही.

आता लाकूड. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून भार वाहण्याचे काम लाकडाचे, आणि बाटलीला कुशीत धरण्याचे काम कवेलूचे, ही वाटणी पक्की समज. भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते, म्हणजे बाराचे वजन पंधरा किलो, त्यात कवेलूंचे वेगळे. प्रत्येक मजल्यावर पुढे एक व मागे एक अशा दोन आडव्या पट्ट्या ठेव; त्या कवेलूच्या अगदी टोकांशी न येता थोड्या आत याव्यात. प्रत्येक कवेलू पट्टीवर उभा टेकवून त्याच्या पाठीची कमान पेन्सिलीने उतरवून घे, पुढच्या पट्टीवर रुंद टोकाची, मागच्या पट्टीवर निमुळत्या टोकाची. कवेलूच्या पाठीवर आणि खाचेशेजारी एकच क्रमांक लिही, नाहीतर जुळणीच्या वेळी गोंधळ होतो. खाच करवतीने व पटाशीने कोरून गोल कानशीने साफ करावी, आणि दोन्ही खाचांचे तळ पाणसळ लावून एका पातळीत आणावेत. फाट्यांतले जुने खिळे रंध्याला हात लावण्यापूर्वी एकूण एक उपसून काढ. पट्ट्या खांबांना खिळ्यांनी न ठोकता कुसू काढून भोकात बसव, आणि वरून जवसाचे तेल दे. निमुळते टोक भिंतीकडे असावे. मग बाटलीचा तळ पुढे राहतो आणि ती सरळ ओढून घेता येते.

बाटली आडवी कशासाठी, हे तुला मी सांगायला नको: बूच ओले राहिले नाही तर ते आकसते आणि आत हवा शिरते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना ही गरज नाही. त्या उभ्या ठेवून कवेलू बुचाच्या बाटल्यांसाठी मोकळे ठेव. पण कवेलू माठासारखे गारवा देतील या भ्रमात राहू नकोस. माठ थंड करतो तो झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने. कोरडा कवेलू तापमानाचा चढउतार थोडा मंदावतो, इतकेच. आणि त्यावर पाणी शिंपडलेस तर लेबले कुजतील व लाकूड फुगेल. बारा ते पंधरा अंश हे वाइनचे सुखाचे तापमान नाशिकच्या उन्हाळ्यात मांडणीने मिळणार नाही. ऊन न येणारी, स्वयंपाकघरापासून दूरची, आतल्या भिंतीची जागा शोध, आणि मांडणी भिंतीला बांधून टाक.

मातीचा आणि द्राक्षरसाचा संबंध नवा नाही. नेवासे व तेर येथील उत्खननांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले आहेत, आणि जॉर्जियात आजही जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवतात. त्या पद्धतीची नोंद युनेस्कोने 2013 साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्या भागातल्या कुंभाराच्या हातचा कवेलू त्या परंपरेत रुजू होतो आहे, याचे मला अप्रूप वाटते. मात्र बाटल्या घरी बाळगण्यासंबंधी 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा परवाना तुझ्या दप्तरी असू दे. मुदत संपण्याआधी त्याचे नूतनीकरण करीत जा.

कवेलू बारा मागितलेस, मी अठरा पाठवीन, कारण वाटेत काही फुटतील आणि काही तुझ्या कसोटीला उतरणार नाहीत. धानाच्या तणसात गुंडाळून ते खोक्यात उभे भरायचे आहेत. फाटे मागाहून येतील. कवेलू हाती पडून त्यांची निवड होईपर्यंत खांबांची लांबी कायम करू नकोस. आणि सर्वांत जाड बाटलीच्या तळाचे वर्तुळ कागदावर उतरवून मला उलट टपाली पाठव, म्हणजे येथूनच अरुंद कवेलू बाजूला काढता येतील.

तुझा,
मामा