यंत्राला काय विचारावे?

मुलांनो, ताप आला तर तो चार दिवसांत जातो. पण मधुमेह, रक्तदाब, दमा हे आजार वर्षानुवर्षे माणसाच्या सोबत राहतात. त्यांना दीर्घकालीन आजार म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तुमच्या घरातही असा एखादा रुग्ण असेल.

अशा रुग्णाची डॉक्टरांशी भेट अधूनमधून आणि थोडाच वेळ होते. बाकीचे दिवस त्याला घरीच आजार सांभाळावा लागतो. मग मनात प्रश्न येतात. जळगाव जिल्ह्यात केळी भरपूर. पण मधुमेह असलेल्या दादाजानांनी केळे खावे का? गोळी घ्यायची राहिली तर काय करावे? असे प्रश्न आता पुष्कळ लोक मोबाईलवर चॅटबॉटला विचारतात.

चॅटबॉट म्हणजे आपल्याशी संवाद करणारा संगणकाचा प्रोग्राम. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली अमेरिकेत ‘एलायझा’ नावाचा असा प्रोग्राम तयार केला होता. २०२२ साली ‘चॅटजीपीटी’ आला आणि चॅटबॉट घरोघरी पोहोचला. अफाट मजकुरावरून तो शब्दामागून शब्द कसा येतो हे शिकलेला असतो. म्हणून त्याचे उत्तर सफाईदार वाटते. पण त्याने रुग्णाला तपासलेले नसते. चुकीची गोष्टही तो तितक्याच ठामपणे सांगू शकतो.

एक खरी घटना पाहा. अमेरिकेतील साठ वर्षांच्या एका गृहस्थाला जेवणातले मीठ बंद करायचे होते. चॅटबॉटला विचारून त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी त्याला भास होऊ लागले आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. डॉक्टरांनी ही हकिगत २०२५ साली प्रसिद्ध केली.

मग चॅटबॉट वापरूच नये का? वापरावा, पण प्रश्न विचारपूर्वक निवडावा. समजा, धुळ्यातील एक दादी इन्सुलिन घेतात. रमजान जवळ आला आहे आणि त्यांना रोजे ठेवायचे आहेत. “इन्सुलिन किती कमी करू?” हे यंत्राला विचारू नका. “रोजे ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत?” हे विचारा. मिळालेले प्रश्न वहीत लिहा. शेजारी रोजची साखर आणि औषधांची वेळ लिहा. ती वही घेऊन दादींसोबत डॉक्टरांकडे जा. औषधाचे प्रमाण तेच ठरवतील. तपासणीच्या अहवालातील अवघड शब्दांचा अर्थही यंत्राला विचारता येतो. मात्र रुग्णाचे नाव व आधार क्रमांक त्यात लिहू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मधुमेहाच्या रुग्णाला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याची साखर उतरलेली असू शकते. तेव्हा मोबाईलवर प्रश्न लिहीत बसू नका. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखर किंवा साखरेचे पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खेड्यांत आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना मोबाईल वाचता येत नसेल, तर यंत्राचे उत्तर त्यांना तुम्हीच वाचून दाखवाल. त्या उत्तरावर विसंबावे की डॉक्टरांना विचारावे, हे त्यांना सांगण्याची जबाबदारीही तुमचीच आहे.

शब्दार्थ : सफाईदार – न अडखळता येणारे, ठामपणे – खात्रीने, असंबद्ध – अर्थ न लागणारे, विसंबणे – भरवसा ठेवणे.

स्वाध्याय
१. दीर्घकालीन आजार कशाला म्हणतात?
२. चॅटबॉटचे उत्तर सफाईदार का वाटते?
३. घरातील रुग्णासाठी डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न मराठीत लिहा.